ऑपरेशन झालंय का?

“गड्ड्यातूनच काऊन नेऊन राह्यला बे? हळू घे न.”

आई गाडीवर माझ्या मागे बसली होती. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पोटावर. आर्वीतल्या पिलाटेसच्या, म्हणजे चटईवरच्या व्यायामाच्या, क्लासचा तिचा पहिला दिवस नुकताच संपला होता. मी म्हटलं, पहिल्या दिवशी अंग दुखतंच. अक्कल पाजळायला आपलं काय जातं?

आई, म्हणजे कोकिळा, एसटीत कंडक्टर. बावीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं दिली, कंबर गेली. डेपोतले साहेब म्हणाले होते, जमत नसेल तर टेबलावर बसा. तिला टेबल नको होतं. “गाडीवर हाओ तोवर माणसात हाओ,” असं तिचं म्हणणं. तिच्याच गाडीनं रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या नंदिनी मॅडमनी हा क्लास सुचवला. कंबरेला चांगला असतो म्हणे. त्यांनीही सोबत नाव घातलं.

पुण्यातल्या नोकरीचं काम मी सध्या घरी येऊन करत होतो. फॉर्म मोबाईलवर होता. मी भरला. नाव, वय, वजन. आधी काही ऑपरेशन झालंय का? मी ‘नाही’वर टिक केली. आई चार पावलांवर भाजी निवडत होती. विचारलंही नाही.

संध्याकाळी ती पलंगावरून उठेना. खाली ओटीपोटात ओढल्यासारखं दुखत होतं. मी बाम शोधत होतो. बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

“डॉक्टरले दाखव तिले. टाक्याच्या जागी दुखत असंन.”

“कोणते टाके?”

बाबांनी पेपराचं पान उलटलं.

“पिशवी काढली न माही,” आई भिंतीकडे बघत म्हणाली. “चार महिने झाले.”

“मावशीकडे गेलती म्हणत होती तू फोनवर.”

“मंग का सांगू? तू तिकडं पुण्यात, नवी नोकरी. अन् पोराले सांगाची गोष्ट हाय का हे?”

डेपोतल्या क्लार्कला माहीत होतं, रजेच्या अर्जाला सर्टिफिकेट लागतं. मावशीला माहीत. बाबांना माहीत. मी, तिच्या पोटातून आलेला, मलाच माहीत नाही. आणि फॉर्म कोण भरतो? मी.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई शांतपणे बोलत होत्या, मी आतून पेटलो होतो. नशीब, आतून काही बिघडलं नव्हतं, ताण आला होता. त्यांनी समजावलं. व्यायाम वाईट नाही, कंबरेला चांगलाच आहे. पण डोकं आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे नाहीत, निदान आत्ता तरी. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. स्नायू थरथरला तर चालतं, दुखलं की थांबायचं. आणि सगळ्यात आधी शिकवणारीला सांगायचं, अंगावर काय काय झालंय ते.

म्हणजे हे पहिल्या दिवसाआधीच सांगायला हवं होतं. आणि पहिल्या दिवशी आईकडून काय करून घेतलं? पाठीवर झोपून डोकं वर, पाय वर, आणि शंभरपर्यंत मोजणी. पन्नास वर्षांच्या बाईकडून. शेजारच्या पोरी करताहेत म्हणून तीही करत राहिली, दात दाबून, श्वास कोंडून.

महिनाभर तिनं आराम केला. मग क्लासच्या दिवशी मी तिच्यासोबत जिना चढून वर गेलो. भांडायलाच. शिकवणारी सुरभी मॅडम दारातच भेटली, माझ्याच वयाची.

“तुम्ही आईला एक शब्द तरी विचारला होता का?”

“फॉर्ममध्ये ‘नाही’ होतं.”

“फॉर्म मी भरलाय. ऑपरेशन माझं झालंय का? बाई समोर उभी होती, तोंडानं विचारता येत नव्हतं?”

“बारा जणी होत्या दादा, एकेकीला…”

“मग सहा घ्या न.”

“रोशन,” आई म्हणाली. “तू बाहेर थांब. तुयाच्यानं नाई होत हे.”

मी जिन्यात थांबलो. दार उघडंच होतं. चटयांवर बाया बसल्या होत्या, पंखा फिरत होता. आई सगळ्यांपुढे भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. घाटात ब्रेक लागला तरी जिचा तोल जात नाही, तिनं भिंतीला हात लावला.

“माही पिशवी काढली हाय,” ती म्हणाली. “पाच महिने झाले. मले जे जमते थेच मी करीन. अन् मॅडम, हे तुमी अगुदर इचारत जा. आमी नाई सांगत आपल्या मनानं. आमच्या इकडं कोनीच सांगत नाई.”

सुरभी मॅडमचा चेहरा उतरला होता. ती खाली चटईवर बसली, सगळ्यांच्या बरोबरीनं, आणि हळू आवाजात म्हणाली, “अजून कोणाचं काही झालंय?”

मग कोपऱ्यातून आमच्या गल्लीतल्या देवकाबाईंचा हात वर आला. त्यांच्या शेजारचा एक. मग अजून एक.

नंदिनी मॅडमचा हात सगळ्यात शेवटी आला, कोपरात वाकलेला, अर्धाच. नऊ वर्षं त्या आईच्या गाडीनं येत-जात होत्या. दोघींना एकमेकींच्या पोरांचे मार्कसुद्धा पाठ होते.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग चटईवर एका कडेला बसली आणि शेजारच्या जागेवर दोनदा हात थोपटला.