पंधरावी काठी

तिसऱ्या होलवर धम्मानंदनं पिशवीच्या तोंडावरची सत्काराची शाल काढली. आत पंधरा काठ्या होत्या.

त्यानं परत मोजल्या. पंधराच! सकाळी नौबादच्या घरातून निघताना चौदा होत्या, मैदानावर आल्यावर चौदा होत्या. गोल्फमध्ये खेळाडूला चौदाच्या वर एकही काठी बाळगता येत नाही. जास्तीची निघाली की खेळून झालेल्या होलमागं दोन फटक्यांचा दंड, फार तर चार. आणि या खेळात ज्याचे फटके कमी तो पुढं. आज राज्याच्या संघासाठी चार मुली निवडल्या जाणार होत्या, आणि त्याची लेक प्रेरणा पहिले दोन होल अशी खेळली होती की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

पंधरावी काठी कुणाची, हे ओळखायला वेळ लागला नाही. चेंडू भोकात ढकलायचा नवाकोरा पटर, दांड्याला लाल रिबीन. अंकुशराव! डाळमिलचे मालक, क्लबचे अध्यक्ष. सकाळी प्रेरणाच्या सत्काराला त्यांनी नारळ, शाल आणि हा पटर आणला होता. "गाडीतून माझी टोपी आण रे धम्मा," म्हणून त्याला पिटाळलं, आणि तो परत येईपर्यंत फोटो उरकलेसुद्धा. पाठवणीला पोरीची ओटी भरावी तसा त्यांच्या बायकोनं, मंजुश्रीबाईंनी, पटर पिशवीत खोचून वर शाल पांघरली असणार. फोटोवाले दोन होल सोबत चालले म्हणून शाल तशीच राहिली. धम्मानंद शालीखालून हात घालून सवयीनं काठ्या काढत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. बावीस वर्षं त्यानं या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिल्या. वारा बघून "साहेब, सात नंबर घ्या" म्हणायचं, साहेबानं हौसेनं पाच नंबर घेऊन चेंडू बाभळीत घालायचा आणि शिव्या धम्मानंदनं खायच्या. अंकुशरावांनी हैदराबादहून पहिलवानाला शोभेल असा कडक दांड्यांचा संच आणला, तेव्हा तो म्हणाला होता, "नरम दांडा घ्या साहेब, तुमचा हात हळू फिरतोय." "तू मला शिकवायलास?" म्हणून अंकुशराव हसले, मग सगळेच हसले.

लेकीच्या काठ्यांत मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. साहेबांनी टाकून दिलेल्यांतून एकेक निवडली. प्रेरणाला हात सोडून उभं करायचं, मनगटापासून जमिनीपर्यंत सुतळीनं माप घ्यायचं, त्या मापानं दांडा कापायचा. कापला की दांडा ताठरतो आणि डोकं हलकं लागतं, म्हणून मुळातच नरम दांड्याची काठी घ्यायची आणि डोक्याला मागून शिशाची पट्टी चिकटवायची. मुठीचं रबर तिच्या बोटांना बसेल एवढं बारीक. चौदा काठ्या जमायला सहा वर्षं लागली होती. आणि हा बाबा रिबीन बांधून पंधरावी देतो! तीही स्वतःच्या उंचीची!

"अप्पा, काय झालं?" प्रेरणानं विचारलं.

"काय न्हाई. तू फुडं बघ." बाजूच्या नाल्यात कमरेएवढं गवत होतं. पंच राजश्रीमॅडम पुढं चालल्या होत्या. फेकली की संपलं. त्यानं काठी उपसली.

प्रेरणानं रिबीन पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "पंधरा हायत?"

"हळू बोल की! कुणी बघितलं न्हाई."

"आपण बघितलो की अप्पा."

"गप ऱ्हा. सहा वर्सं घातलोय मी यात. त्या माणसाच्या मस्तीपायी तू कामून मरायलीस?"

त्याच्या हातून पटर घेऊन तिनं पिशवीत उलटा खोचला, डोकं खाली, मूठ वर. खेळातून बाद केलेली काठी अशी ठेवतात. मग हात वर करून हाक मारली, "मॅडम!"

त्या घटकेला धम्मानंदला अंकुशरावांपेक्षा लेकीचा जास्त राग आला. उरलेले सोळा होल तो तिच्याशी फक्त काठ्यांपुरतं बोलला. "सात." "नऊ." "पटर." तो देईल ती काठी घेऊन ती मारत गेली, आणि एकही फटका वाकडा गेला नाही.

कडुलिंबाखाली फटके मांडलेली कार्डं जमा होत होती. चौथ्या मुलीचे एकोणऐंशी झाले होते. प्रेरणाचे शहात्तर, दंड धरून ऐंशी.

अंकुशराव लगबगीनं आले. "अगं, एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं? अजून सही झाली न्हाई ना? आण कार्ड. मी बोलतो मॅडमशी, क्लब आपलाच हाय." त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नका कार्डाला!"

झाडाखालची माणसं वळून बघायला लागली. धम्मानंदचा आवाज एवढा मोठा आहे हे त्या मैदानावर कुणाला ठाऊकच नव्हतं.

"कुणाशी बोलायलास धम्मा? मान दिलाय तुझ्या पोरीला आम्ही!"

"मान? ही काठी तिला लागतीय का, इचारलाव? तिची उंची इचारलाव? पिशवीत आधीच किती हायत, येवढं तरी? बावीस वर्सं तुमची पिशवी उचलायलोय साहेब! मला इचारला असताव तर सांगितलो असतो. मला टोपी आणाया धाडलाव. टोपी!" त्याचा आवाज फाटला. "एका फोटोपायी माझ्या लेकीचं वाटोळं केलाव!"

त्यानं पिशवीतला उलटा पटर उपसला आणि अंकुशरावांच्या हातात दिला.

"उद्यापासून मैदानात दिसू नकोस," लालबुंद होऊन ते म्हणाले आणि गाडीकडं निघाले.

राजश्रीमॅडमनी खाली बघत म्हटलं, "सही राहिलीय, प्रेरणा."

टेबलावर करंडक आणि हार मांडलेले होते. कागद ठेवायला जागा नव्हती.

"अप्पा, वाका जरा."

गुडघ्यांवर हात ठेवून तो वाकला. तिनं त्याच्या पाठीवर कार्ड ठेवलं आणि अठराही होलचे आकडे ताडून पाहिले. पहिल्यात दोन जास्त. दुसऱ्यात दोन जास्त. मग पेन टेकवलं. घामानं भिजलेल्या सदऱ्यातून त्याला एकेक अक्षर कळत होतं, आधी तिचं नाव, मग त्याचं. ती दाबून लिहीत होती.

तिनं कार्ड उचललं, मॅडमना नेऊन दिलं, तरी तो तसाच वाकून उभा होता.