खंडेनवमीचा वास

खंडेनवमीला विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात उपकरणांची पूजा असते, आणि पूजेला कुलगुरू लागतात. डॉ. भावना घरत कुलगुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. बेलपाड्याच्या मिठागरवाल्या घरातली ही मुलगी तीस वर्षं प्रयोगशाळेत रसायनं ढवळत राहिली, आणि मग पनवेलच्या या विद्यापीठाने तिला खुर्ची दिली ती एक वर्षाच्या बोलीवर. वर्षभरात काही कमीजास्त झालं नाही, तर पुढे कायम. त्यामुळे बाई हल्ली फार जपून बोलत. खुर्चीचं हे असंच असतं. मिळेपर्यंत माणूस धीट, मिळाली की भित्रा.

त्या सकाळी विभाग नुसता चकाचक होता. फरशी फिनेलने पुसलेली, दारात रांगोळी, बाहेर चपलांचा ढीग. तराजूला हार, सूक्ष्मदर्शकाला झेंडू, एका यंत्राच्या पडद्यावर तर चक्क कुंकवाचा टिळा. चाळीसेक मुलं दाटीवाटीने उभी होती. पुढे विश्वस्त मिथुनशेठ, त्यांच्या बाजूला विभागप्रमुख अपूर्व सर. पीएच.डी. करणारी रिया ताट घेऊन उभी होती आणि ताटात निरांजन पेटलेलं होतं. त्यावरूनच बाईंनी जमिनीवरची समई लावायची होती.

बाई समईला हळदकुंकू लावायला वाकल्या आणि तिथेच थबकल्या. गोडसर, घशाला लागणारा वास. ईथर.

त्या सरळ झाल्या. वर काहीच नव्हतं, फक्त झेंडू आणि फिनेल. करोनानंतर बाईंच्या नाकाचा भरवसा राहिला नव्हता. कधी चहाला रॉकेलचा वास यायचा, कधी दूध करपलेलंही कळायचं नाही. हाही भासच असेल? पण ईथरची वाफ हवेपेक्षा जड. ती वर येत नाही, फरशीवर पाण्यासारखी पसरते, आणि मग एक ठिणगी पुरते.

अशा वाफा ओढून बाहेर टाकणारे मोठे पंखे इथे दिवसरात्र घोंघावत असतात. आज ते गप्प होते. का गप्प होते तेही बाईंना आठवलं. परवा दोन मीटिंगांच्या मधे अपूर्व सरांचा फोन आला होता. "मॅडम, पंख्यांनी समई टिकत नाही, मंत्रही ऐकू येत नाहीत. पूजेपुरते बंद ठेवू का?" आणि याच पंख्यांवरून तीस वर्षं पोरांना झापणारी ही बाई घाईघाईत म्हणाली होती, "ठेवा."

"मॅडम, मुहूर्त टळतोय," मिथुनशेठ हसून म्हणाले.

बोलावं, आणि वास नसलाच तर? नव्या मॅडम पूजेत घाबरल्या, भरल्या पूजेत दिवा विझवला, ही बातमी दुपारच्या आत कामोठ्यापर्यंत जाईल. न बोलावं, तर ही चाळीस पोरं. दार एकच, पाय अनवाणी. एवढ्यात रियाच ताट घेऊन समईकडे वाकू लागली.

"रिया, वाकू नकोस. ताट वर धर."

आवाज चिरका निघाला. रिया जागच्या जागी थांबली. बाई दोन पावलं पुढे गेल्या आणि त्यांनी वात चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली ते त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

"सगळे बाहेर चला. सावकाश. कुणी बटणाला हात लावायचा नाही."

भिंतीशी उभा असलेला जुना मदतनीस तुळशीराम पंखे लावायला निघालाच होता; त्याने हात मागे घेतला. ठिणगी बटणातूनही उडते. पोरं एकेक करून दारातून जात होती आणि बाई आतच उभ्या होत्या. कुणाचा मोबाईल वाजला तरी त्यांचं काळीज लक्कन हलत होतं.

अर्ध्या तासाने मास्क लावून आत गेलेली माणसं बाहेर आली. हार मांडायला जागा हवी म्हणून ईथरच्या बाटल्या टेबलाखाली ठेवल्या होत्या. एकीचं झाकण सैल होतं आणि अडीच लिटरची बाटली अर्ध्यावर आली होती. मिथुनशेठच्या तोंडचं पाणी पळालं. मग भ्यायलेल्या माणसाला येतो तसा त्यांना राग आला.

"पंखे कोणी बंद केले?"

"मी केले," तुळशीराम म्हणाला. "आमाला वरून निरोप आला. आमी काय मनाने नाय करत."

त्याने अपूर्व सरांकडे पाहिलं. सर मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होते.

"याला आजच घरी पाठवा. मॅडम, तुम्ही पत्र काढा. आणि तुमच्यामुळे पोरं वाचली, हे मी सगळ्या विश्वस्तांना सांगणार आहे."

तो फोन दोघांनाच माहीत होता. सर तोंड उघडणार नव्हते, त्यांचीही मान त्यात अडकलेली होती. बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. आत असताना त्यांना मरणाची भीती वाटली होती. ही वेगळी होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी होती.

"पंखे बंद ठेवायला मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

मिथुनशेठ जवळ आले. "मॅडम, विचार करून बोला," ते हळूच म्हणाले. "तुमचं वर्ष व्हायचंय अजून."

"ठाऊक आहे."

मागच्या पोरांपर्यंत आवाज पोचला नव्हता, म्हणून बाईंनी पंख्यांचं ते वाक्य पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटलं.