लग्नाचा वाचलेला खर्च

सारे शहर कुलूपबंद झाल्यावर माणसे काय विकत घेतात, हे कुणाला पाहायचे असते तर त्याने घरगुती उपकरणांच्या त्या दुकानात थोरलीच्या शेजारी स्टूल टाकून बसायला हवे होते. शटर अर्धे खाली ओढलेले, आत एकच दिवा, एका टेबलाशी मालक आणि दुसऱ्याशी फोनवर थोरली. टेलरमास्तरांची ही मोठी मुलगी. घरीदारी सगळे तिला थोरलीच म्हणत. एरवी ती गिऱ्हाइकांना माल दाखवी, आता फोनवरून ऑर्डर घेई.

इस्त्री कुणी विचारीनासे झाले होते. घरात बसून कडक कपडे दाखवायचे कुणाला? केस कापायची यंत्रे मात्र हातोहात खपत होती, आणि चार दिवसांनी त्याच घरातून टोप्या कुठे मिळतील म्हणून विचारणा होई. थोरली हसू दाबून टोपीवाल्याचा नंबर देई. एका बाईंनी झाडूपोछा करायचे यंत्र मागवले आणि कामवालीचा पगार कसा बंद केला, तेही कौतुकाने सांगितले. "आता काटकसर करायलाच हवी ना गं," असे त्या म्हणाल्या. आपल्या खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी दुसऱ्याच्या पोटाला लावायची, ही रीत थोरलीने त्या टेबलावर बसून रोज ऐकली. तीच कात्री आपल्याही घरात फिरते आहे, याचा तिला पत्ता नव्हता.

मास्तर कोट शिवणारे. उभे आयुष्य त्यांनी लोकांच्या खांद्यांची मापे घेण्यात घालवले. आता साहेबलोक घरी पायजम्यात बसून काम करू लागले आणि मास्तरांच्या गाळ्याला कुलूप लागले. थोरलीच्या लग्नासाठी ठरवलेला हॉलही रद्द झाला. हॉलवाल्याने पैसे परत केले, हे मोठे नशीब. घरातली चार तोंडे त्यावरच चालली होती. थोरलीला त्याचे वाईट वाटले नव्हते. ज्यांची तोंडेही आपल्याला माहीत नाहीत अशा माणसांना जेवू घालण्यापेक्षा घरची माणसे जेवली, हे तिला बरेच वाटले. लग्न आता वीस माणसांत होणार होते.

मुलगा प्राध्यापक. पहिल्या भेटीत चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला होता, "मला मुलगी हवी, सामान नको." हुंड्याविरुद्ध तो ठिकठिकाणी भाषणे देई. त्याचे ते वाक्य मास्तर गिऱ्हाइकांची मापे घेता घेता ऐकवीत, आणि थोरलीही त्या वाक्यालाच भुलली होती.

एका दुपारी दुकानात फोन वाजला, तो त्याचा निघाला.

"ऐक ना, तुमच्या दुकानात काम करणाऱ्यांना सवलत असते ना?"

"असते की. का हो?"

"मग सगळं तुझ्याच नावावर घेऊ. फ्रिज दोन दारांचा. आईला वाकायला त्रास होतो, तेव्हा वॉशिंग मशीन वरून कपडे टाकायचं बघ. आणि टीव्ही चांगला भिंतभर. आता सगळा वेळ घरातच जाणार."

थोरलीला हसू आले. "एवढं एकदम? तुमचा तर पगार कापलाय म्हणत होता."

"म्हणून तर! माझ्या पगारात कुठलं बसतंय हे? बाबांनी कबूल केलंय ना. हॉलचा, जेवणाचा खर्च वाचला, तो इकडे वळवायचा. तुला बोलले नाहीत?"

"तुम्ही म्हणाला होतात, मुलगी हवी, सामान नको."

"अगं, मागतोय कुठं मी? मागणं वेगळं. हा वाचलेला खर्च आहे. एरवी लोकांनी खाऊन हात पुसले असते, त्यापेक्षा आपल्या संसाराला लागला तर काय वाईट? तू सवलतीचं तेवढं बघ."

त्याचा आवाज स्वच्छ आणि आनंदी होता. तो थोडा चाचरला असता, तर थोरलीने स्वतःच त्याच्यासाठी एखादी सबब शोधली असती. पण आपण काही वावगे बोललो, असे त्याच्या गावीही नव्हते.

ती घरी आली तेव्हा मास्तर खिडकीशी बसून धाकट्याच्या पँटला ठिगळ लावीत होते आणि आई भाजी चिरत होती.

"बाबा, वाचलेला खर्च आपण सगळ्यांनी मिळून खाल्लाय," थोरली म्हणाली. "मग फ्रिज, मशीन, टीव्ही आणणार कशातून?"

मास्तरांनी सुई थांबवली, पण मान वर केली नाही. उत्तर आईनेच दिले, "गाळा विकतायत. यंत्रांसकट. बोलणी झालीत."

"तुलाही ठाऊक होतं?"

आईने विळी बाजूला सारली. "तुझ्या सुखासाठीच चाललंय ना सगळं?"

"कोट कुणाला हवेत आता?" मास्तर म्हणाले. "गाळा धूळ खातोय. आणि असं शिकलेलं स्थळ पुन्हा दारात येणार आहे का? तोंडाने काही मागितलं नाही त्यांनी. नुसतं विचारलं, वाचलेल्या खर्चाचं काय करणार आहात. मी काय ते समजलो."

"मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी पुन्हा सुई उचलली. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय साधी बाहीसुद्धा आखूड करू नये, हे याच माणसाने तिला शिकवले होते. प्राध्यापक काय, काल भेटलेला माणूस. त्याने फसवले तर चार शिव्या देऊन मोकळे होता येते. पण ज्यांनी हाताला धरून चालायला शिकवले, त्यांनीच केसाने गळा कापला तर माणसाने जायचे कुणाकडे? त्या रात्री थोरली जेवली नाही, आणि तिला जेवायला बोलवायचा धीरही कुणाला झाला नाही.

रविवारी प्राध्यापक आणि त्याची आई फोनच्या पडद्यावर सामान पसंत करायला बसली. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट चढवला होता. खाली घरचा पायजमा तसाच. थोरली त्यांच्याशेजारी बसली. बाईंनी फ्रिजचा रंगही सांगून टाकला.

"काकू, ऑर्डर एकदा परत सांगते, नंतर घोटाळा नको," थोरली म्हणाली. दुकानात बोलायची तसाच तिचा आवाज होता. "दोन दारांचा फ्रिज एक. वॉशिंग मशीन एक. भिंतभर टीव्ही एक. मुलगी एक. सगळं एकाच पत्त्यावर, आणि पैसे मुलीच्या बापाने भरायचे. काही राहिलं का?"

"ही कुठली बोलायची पद्धत?" बाई फणकारल्या. "मास्तर, ऐकताय ना?"

"तू विषय भलतीकडे नेतेयस," प्राध्यापक म्हणाला. "मी इतकी वर्षं हुंड्याविरुद्ध बोलत आलोय."

"बोलत आलात, खरं आहे. त्या बोलण्यावर विश्वास ठेवूनच मी होकार दिला होता. तो परत घेते."

आता तरी बाबा आपल्या बाजूने एखादा शब्द टाकतील, असे थोरलीला वाटले होते. मास्तरांनी हात जोडले, पण पडद्यापुढे. "मनावर घेऊ नका. पोर आहे, घाबरलीय. मी समजावतो तिला. ठरल्याप्रमाणे सगळं घरपोच होईल."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले ते तेव्हा. "बाबा, गाळा तुमचा आहे, विकायचा तर विका," ती म्हणाली. "मी कुणाची ते मात्र तुम्ही आणि त्यांनी मिळून ठरवायचं नाही. मी त्या घरी जाणार नाही."

पलीकडून फोन कापला गेला.

"नाक कापलंस माझं," एवढेच मास्तर म्हणाले आणि पुढे कित्येक आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. नातेवाइकांनी फोनवरून शहाणपणा शिकवून घेतला. मुलीला कमावती केली की ती डोक्यावर बसते, यावर काका, मावशा आणि आत्या यांचे आयुष्यात पहिल्यांदा एकमत झाले. गाळा विकला गेला नाही. पुढे बंधने सैल झाली, तेव्हा मास्तर त्याच गाळ्यात जुने कपडे उसवून बेताचे करून देऊ लागले. नवे शिवायची ऐपत लोकांत राहिली नव्हती, त्यामुळे त्या कामाला रांग लागली. संध्याकाळी आलेली कमाई ते आईच्या हातात ठेवीत. थोरलीने गाळा वाचवला, हे त्या घरात कुणी कधी उच्चारले नाही. तिच्या ताटात आई गुपचूप एक पोळी जास्त वाढी, तेवढेच.

दुकानात थोरली रोज फोन उचलत होती. एका सकाळी पलीकडून थकलेला, अदबीचा आवाज आला.

"ताई, दोन दारांचा फ्रिज आहे का? आणि वॉशिंग मशीन, वरून कपडे टाकायचं. टीव्ही मोठ्यातला मोठा. पैसे मी भरतो, सामान मुलीच्या सासरी पोचवायचं."

त्यांनी पत्ता सांगितला. थोरलीचे बोट फोनच्या वायरीत अडकून राहिले. याच पत्त्यावर तिचा संसार मांडला जायचा होता.

"लग्न अगदी साधं आहे हो," गृहस्थ जरा अभिमानाने म्हणाले. "वीसच माणसं. जावई विचारांचे आहेत, तोंडाने काही मागितलं नाही. खर्च वाचलाच आहे, म्हटलं मुलीला होईल."

पलीकडच्या टेबलावरून मालक बोटांनी खुणावत होते, मोठी ऑर्डर आहे, हातची घालवू नकोस. थोरलीने त्यांच्याकडे पाठ केली.

"काका, ऑर्डर घेण्याआधी एक विचारू? हे सामान जाणार आहे, ते तुमच्या मुलीला माहीत आहे का?"

"तिला कशाला ते? बायकांना काय कळतंय यातलं," गृहस्थ म्हणाले, आणि मग आवाज उतरवून पुटपुटले, "उगाच नाही म्हणून बसायची."

"घरात आहे का ती?"

"आहे. आत आहे. का?"

"तिला फोन द्या," थोरली म्हणाली. "मी थांबते."