कोता की चिंधी?

रंगराव सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की त्यांना ठसका लागे. आवारातला कढीपत्ता होता सोसायटीचा, पण त्यांच्या खिडकीखाली वाढलेला, म्हणून त्यांनी तो आपलाच धरला होता. लोक येता-जाता पानं ओरबाडतात असं म्हणत त्यांनी झाडाभोवती जाळी ठोकून वर कुलूप घातलं.

दुसऱ्या मजल्यावर चैताली राहायची, यवतमाळहून शिकायला आलेली. एका सकाळी ती पोह्यांसाठी चार पानं मागायला आली. मंडईत जुडी मिळते, एवढं सांगून रंगरावांनी दार लावून घेतलं. जिना चढताना ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "खालचे काकाजी फारच चिंधी आहेत यार."

ते दाराआडून ऐकून रंगरावांना आधी राग आला तो व्याकरणाचा. चिंधी हे नाम. माणूस चिंधी कसा असेल? त्यांनी कोश उघडला. त्यात फाटक्या कापडाचा तुकडा सापडला, माणूस काही सापडला नाही. पत्नी मुक्ताई भाजी निवडत होत्या. त्यांनी हसू दाबत सुचवलं, की जी म्हणाली तिलाच विचारावं.

संध्याकाळी ते खरंच वर गेले. चैताली घाबरून माफी मागू लागली.

"माफी राहू दे," रंगराव म्हणाले. "अर्थ सांग."

"म्हणजे... वाईट माणूस नाही, काकाजी. फक्त बारक्या बारक्या गोष्टींत जीव अडकलेला."

"मग कोता म्हण. चांगला शब्द आहे."

हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिने उदाहरण मागितलं तसे रंगराव खुलले. आजवर त्यांच्याकडे कुणी उदाहरण मागितलंच नव्हतं. कोता म्हणजे अपुरा, तोकडा, ते सांगू लागले. कोती बुद्धी, कोतं मन. समजा, एखाद्याच्या दारात एखादी गोष्ट रगड आहे, चिमूटभर दिल्याने काही कमी होणार नाही, आणि तरी शेजारचं कुणी मागायला आलं, तर तो...

इथे त्यांची गाडी थांबली. चैताली फरशी न्याहाळत होती.

"कळला अर्थ, काकाजी," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रंगराव पक्कड घेऊन जाळी काढत होते. मुक्ताईंनी खिडकीतून कारण विचारलं, तेव्हा जाळीने झाडाची वाढ खुंटते असं त्यांनी सांगितलं. मग एक भरघोस डहाळी तोडून ते चैतालीला द्यायला वर निघाले. जिन्यात मात्र डहाळीची दोन पानं खुडून त्यांनी खिशात टाकली. घरीही आमटी व्हायची होती.