बोर्ये, सुई उचलू नका

मित्रांनो, मी अडकलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढा साधा खुलासा करता न आल्यामुळे माझी कितीतरी वर्षं वाया गेली.

मी ताटाएवढी, काळी, गाण्यांची तबकडी आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या 'राखाडी लिफ्ट' बँडचा हा एकुलता एक अल्बम. त्यात क्राउटरॉकचा न थांबणारा जर्मन ठेका आहे, न्यू वेव्हचं कोरडं गिटार आहे आणि स्वस्तातल्या कीबोर्डवर केलेला इलेक्ट्रो-पंकचा थयथयाट आहे. माझ्या दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. पण दर फेऱ्याला काहीतरी बदलतं. एखादा सूर वाढतो, एखादी झांज गळते. शेवटी बाकीचे थांबतात आणि ड्रम वाजवणारी तीरा, ठेका न सोडता, एकटी गाते. वारलेल्या आईसाठी. वडिलांशी हे बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, म्हणून पहिली प्रत, म्हणजे मी, त्यांच्या घरी आले.

वडील बोर्ये. जन्मभर ट्राम दुरुस्त केलेले. तेच ते कानावर पडलं की त्यांचे हात बिघाड शोधायला निघत. थोडं ऐकलं की सुई वर! भांडी घासायच्या ब्रशने मला धुतलं. तरी ठेका तोच. मग सुईच्या डोक्यावर पाच क्रोनरचं नाणं ठेवलं, आणि तशाच जड सुईला धसकन ओढलं. माझ्या अंगावर खोल ओरखडा उमटला.

वर फोनवर माझीच तक्रार! "तीरा, तुझी तबकडी खराब निघाली गं."

"खराब नाहीये पप्पा. ते तसंच आहे."

"तसंच? ट्राम अशी वाजली असती तर मी डेपोबाहेर सोडली नसती."

"तू सुईला हात लावणं बंद कर! एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत ऐक."

बोर्ये शब्दाचे पक्के. शनिवारी कॉफी केली, दालचिनीचे बन मांडले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकायला बसले. सुई ओरखड्यापाशी आली आणि या वेळी खरोखरच अडकली. तोच फेरा, पुन्हा तोच. आणि हा माणूस मान डोलावत होता! मी जीव तोडून ओरडत होते. पण ओरडायला माझ्याकडे तेवढा एकच फेरा होता.

तीरा दारात येऊन थबकली. "पप्पा, हे कधीपासून चाललंय?"

"कॉफी गार होण्याच्या आधीपासून. खरं सांगू? आवडायला लागलंय. पण तुझा आवाज कुठे आहे यात?"

"अरे, आता ती खरंच अडकलीय!"

"मग करू दुरुस्त?"

"नको! तू नको."

तिने अलगद सुई उचलली आणि ओरखड्यापुढे ठेवली. एकेक वाद्य थांबत गेलं. मग तिचा आवाज आला, आणि त्यात 'सोल्वेग' हे तिच्या आईचं नाव. बोर्येंनी बन तसाच खाली ठेवला.

आता ते दर शनिवारी मला लावतात. ओरखडा आला की स्वतः सुई पुढे नेतात आणि हमखास चुकीच्या जागी टेकवतात. किती वेळा? विचारू नका.

मित्रांनो, तबकडी कडेने धरा, धूळ मऊ फडक्याने टिपा. आणि बिघाड शोधण्याआधी निदान दोन फेरे कान देऊन ऐका. माझा ओरखडा आता जाणार नाही, आणि सोल्वेगचं नाव त्याच्या पलीकडे आहे.