पेरलेल्या तीन चुका

तोकिएबाई नागासे यांनी चहाची किटली उचलली. किटलीखाली पान सात होतं.

सहा वर्षं खपून त्यांनी आपल्या चढावरच्या नऊ घरांच्या दूध-गटाचा इतिहास लिहिला होता. इथल्या बायकांनी एक होऊन थेट गोठ्यावरून दूध आणायला कशी सुरुवात केली, आणि त्यातून अख्ख्या गावाचं ग्राहक भांडार कसं उभं राहिलं, त्याचा. सहकारी संघ तो आपल्या वार्षिकात छापणार होता. अट एकच होती, गटातल्या प्रत्येक घराने तो वाचून शिक्का द्यायचा.

म्हणून बाईंनी अठरा पानं फिरत्या पाटीला अडकवली. कचऱ्याचे वार, देवळाची झाडलोट, गल्लीतला प्रत्येक निरोप याच पाटीवरून घरोघर जायचा. वाचायचं, आपल्या नावापुढे लाल शिक्का उठवायचा आणि पाटी शेजारच्या दारात ठेवायची.

पाटी चार दिवसांत परत आली, आठही घरांचे शिक्के घेऊन. बाई हरखल्या. लिफाफ्यावर पत्तासुद्धा लिहून झाला. आणि आता हे पान सात! म्हणजे ते पाटीवर गेलंच नव्हतं. सहाव्या पानावर दुधाची गाडी बर्फात रुतली होती आणि आठव्यावर भांडाराचं उद्घाटन चाललं होतं. गाडी बाहेर कोणी काढली, हे आठांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाई तशाच शेजारी गेल्या. ओदागिरी अंगणात पर्सिमनची फळं सोलून दोरीला टांगत होता. चौथीत तो बाईंच्या वर्गात होता. आता बासष्टीचा झाला होता.

"काय रे, कसा वाटला माझा इतिहास?"

"फक्कड, बाई! फारच अभ्यासपूर्ण."

"गाडीचं वाचून वाईट वाटलं असेल, नाही?"

"कोणत्या गाडीचं?"

ओदागिरीचे कान चौथीत व्हायचे तसे लाल झाले.

"खरं सांगू, बाई? पाटी आली की हात आपोआप शिक्क्याकडे जातो. दोन दिवस ठेवून घेतली की पुढच्या घरच्या मियाशिताकाकू चारचौघांत विचारतात, 'बरं नाही का?'"

घरी लिफाफा तयार पडला होता. टपालात टाकला असता तर कोणाला कळणार होतं? पण ज्यांची गोष्ट त्यांनीच वाचली नाही, तर ती खरी आहे हे म्हणायचं कोणी? महिनाअखेरीला मुदत संपत होती.

बाईंना आपला वर्ग आठवला. पुस्तक उघडा म्हटलं की निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची. पण फळ्यावर सात आणि आठ सोळा असं लिहिलं, की मागच्या बाकावरचासुद्धा ओरडत पुढे धावायचा.

बाईंनी नवा कागद घेतला. एकाच पानात सगळा इतिहास थोडक्यात लिहिला आणि त्यात तीन चुका पेरल्या. दूधवाटप मियाशितांच्या अंगणात व्हायचं. गाडी पुरुष ओढायचे. उद्घाटनाला सगळ्या बायका चहा प्यायल्या. पान पाटीला लावलं आणि पाटी ओदागिरीच्या दारात ठेवून आल्या.

चार दिवस गेले. दहा गेले. चढावर कुठेतरी आवाज चढलेले ऐकू यायचे.

"मियाशितांचं अंगण? अहो, तिथे कोंबडीसुद्धा मावत नाही!"

"पुरुष ओढायचे म्हणे! आमची आत्या ओढायची, तेही पाठीला पोर बांधून!"

बाई खिडकीआड तोंडावर पदर धरावा तशी किमोनोची बाही धरून हसत होत्या.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या शिझुताई कुवाबारा पाटी छातीशी धरून आल्या. ती सुतळीने बांधली होती, एवढी फुगली होती. समास भरले म्हणून लोकांनी पंचांगाची पानं जोडली होती, आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी लाल शिक्का होता.

पेरलेल्या तिन्ही चुका सापडल्या होत्या. "चहा नव्हे, साके दारू. मी ओतली होती," असं मियाशिताकाकूंनी ठासून लिहिलं होतं. पण दुरुस्त्या पाच होत्या. चौथी अशी, की दुधाच्या पहिल्या कॅनला झाकण नव्हतं, कोबीचं पान होतं. पाचवी शिझुताईंची. 'पहिली बैठक सरपंचांच्या बायकोने नाही, इनेने बोलावली.'

"इने कोण?" बाईंनी विचारलं.

"माझी सासू. टोफूवाली. टोफू द्यायला घरोघर जायची, तेव्हाच तिने सगळ्यांना तयार केलं."

"पण बैठकीच्या वहीत तिचं नाव कुठेच नाही!"

"असेल कसं? तिला लिहिता येत नव्हतं. सह्यांची वेळ आली की ती चूल बघायला उठायची."

"शिझुताई, सहा वर्षं मी हे शोधतेय. सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाई? तुम्ही वह्यांना विचारत होतात."

बाईंना जे हसू फुटलं, ते शिझुताईंनाही लागलं, आणि दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

दोन दिवस बाईंनी पानं नव्याने लिहिली. पहिलंच वाक्य इनेचं झालं. शेवटी आपल्या तीन चुका कबूल केल्या आणि चौथी-पाचवी दाखवणाऱ्यांची नावं घातली. शेवटच्या दिवशी आठही घरं बाईंच्या ओसरीवर जमली, बाईंनी अठरा पानं मोठ्याने वाचली, आणि मगच शिक्के उठले.

वसंतात वार्षिक छापून आलं. बाईंनी ते पाटीला लावून पाठवलं. पाटी परत यायला दोन महिने लागले. मुखपृष्ठावर मिसो सूपाचे डाग होते, इनेच्या नावाखाली कोणीतरी रेघ ओढली होती, आणि ओदागिरीच्या शिक्क्यापाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं,

'बाई, पान सात आहे. तपासलं.'