तिच्यावर राज्य येत नव्हतं

ठकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढची दोन वर्षं ती घरातच राहिली. आई शिवणकाम करायची. मध्येच मशीन थांबवून लेकीशी लपाछपी खेळायची. दोन खोल्यांत लपायला जागा एकच, कपाटामागची. तरी आई “कुठे गेली बाई ही पोर?” करत घरभर फिरायची आणि शेवटी हात टेकायची. मामा आला की तोही हरायचा. एवढं दुखणं सोसलेल्या पोरीला हरवणं दोघांच्याही जिवावर यायचं.

आठव्या वर्षी ती शाळेत गेली. मधल्या सुट्टीत मुलींनी तिला पहिल्या झटक्यात शोधून काढलं.

“मी नाही आउट!” ठकीने भोकाड पसरलं.

“बरं बाई, रडू नकोस,” दोन वेण्यांवाली एक मुलगी म्हणाली. “तू कच्चं लिंबू.”

म्हणजे खेळायचं, पण राज्य घ्यायचं नाही. ठकी उड्या मारतच घरी आली. “आई, मी एकदाही आउट झाले नाही!” आईला काय ते कळलं, पण तो फुललेला चेहरा बघून ती “शाब्बास!” म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

दोन महिन्यांनी आई शिवलेले गणवेश द्यायला शाळेत गेली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं वर्गात पळाली. पाण्याच्या टाकीमागे ठकी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

“शूऽऽ! अजून कुणाला सापडले नाही मी,” ती कुजबुजली. “शोधतायत.”

त्या संध्याकाळी कपाटामागून आईने तिला लगेच बाहेर ओढलं. “सापडलीस. आता तुझ्यावर राज्य.”

ठकी हमसून हमसून रडली. दोन दिवस आईशी अबोला धरला. आई रोज खेळायला बसायची आणि रोज तिला हरवायची. आठवड्याभराने ठकीने डोळे पुसत दहापर्यंत आकडे मोजले.

मग एकदा मैदानात ती म्हणाली, “आज माझ्यावर राज्य द्या.”

“नको गं,” दोन वेण्यांवाली म्हणाली, तशी मायेनेच. “तू रडतेस. शिवाय आमच्या खेळायच्या जोड्या ठरल्यात.”

तेव्हापासून ठकी सुट्टीत वर्गातच बसू लागली. फळा पुसायची, खडू लावून ठेवायची. बाई तिचं फार कौतुक करायच्या.

“आज कुणाशी बोललीस गं?” आई सुईत दोरा ओवत विचारायची.

“बाईंशी,” ठकी सांगायची.